कंडक्टर मामांचा पंच

आधी मामांचं सांगते, मग बाकीचं. आज मी नांदेडच्या स्टँडवर खुर्चीत बसून काम करते, डोक्यावर पंखा आहे, सावली आहे, ते लातूरच्या एका रिटायर कंडक्टरमुळं. त्यांना सोडून पुढचं सांगायला मला तोंड नाही. सगळं स्टँड त्यांना मामाच म्हणायचं. ड्रायव्हर, हमाल, रसवंतीवाला, सगळे. त्यांचं कागदावरचं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ते वळून बघतील असं वाटत नाही.

तेही कुणाला नावानं हाक मारायचे नाहीत. त्यांच्यासाठी माणूस म्हणजे उतरायचं ठिकाण. मामीचं माहेर उदगीर, म्हणून मामी उदगीर. दूधवाला चाकूर. पुण्याला नोकरीला असलेला स्वतःचा मुलगा स्वारगेट. त्याचा फोन आला की मामा घरात वर्दी द्यायचे, "उदगीर, स्वारगेट लागलाय." आणि मी इस्लापूर.

हे इस्लापूर मला पहिल्याच दिवशी लागलं. मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं होतं, त्यासाठी मी लातूरला उतरले होते. हातात पिशवी, चिठ्ठीवर पत्ता. माझी शाळा नववीतच सुटलेली. आमच्या गावच्या पुलावरचा रस्ता वाहून गेला आणि गाडी फाट्यापर्यंतच यायला लागली. फाट्यापासून पोरीला एकटीला चालत कोण पाठवणार? तशी ती शाळा गेली. पुढं घरी काही वर्षं गेली आणि मग हे लातूर. वडिलांनी सोडलं ते एका बोलीवर. काम असेतोवर राहा, काम सुटलं की मी न्यायला येणार, आणि मग लग्नाला जिथं ठरवीन तिथं उभं राहायचं. कुठं ठरवणार ते मला माहीत होतं. मला ते नको होतं. म्हणून काम सुटायची धास्ती मी तेव्हापासून उशाला घेऊन झोपते, अजूनही.

तर मी उतरले, आणि समोर एक उंच म्हातारा माणूस. खाकी पँट धुऊन धुऊन पांढरी पडलेली, वर पांढरा सदरा, आणि हातात तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. कंडक्टर लोक त्याला पंच म्हणतात. तो सारखा वाजत होता, टक टक, टक टक. मामा गर्दीला रांगेत लावत होते. अहमदपूर पुढं, निलंगा मागं, म्हातारीला वाट द्या. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते स्टँडवर आले, आणि मग येतच राहिले. कंट्रोलर काही बोलला नाही. बोलून उपयोग नसावा.

त्यांनी मला विचारलं, कुठली? मी म्हटलं, नांदेडकडची.

"नांदेड लई मोठं हाय. उतरतीस कुठं?"

"इस्लापूर."

मामांनी डोळे मिटले. पंच थांबला. "भोकर, हिमायतनगर, धबधब्याचा फाटा, इस्लापूर," ते हळूच म्हणाले, देवाचं नाव घ्यावं तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या गावात आपल्या वाटेवरची गावं कुणी एका ओळीत म्हणून दाखवली की कसं होतं, ते घर सोडलेल्यालाच कळतं. मग त्यांनी विचारलं, "त्या पाण्याचा आवाज कसा हाय गं? मी लई वर्षं त्या लायनीवर होतो. एकदाबी उतरलो न्हाई. गाडी किती थांबायची तिथं, लोकं चढून हुईस्तवर."

मी सांगायचा प्रयत्न केला, पण मला सांगता आलं नाही.

राहायला जागा त्यांनीच दिली, स्टँडच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या घराला लागून पत्र्याची एक खोली. त्या घरात गाडीतली घंटी होती. भंगारात निघालेल्या गाडीची पितळी घंटी मामांनी कुठूनशी आणली होती, आणि तिची दोरी दारापासून भिंतीभिंतीनं थेट चुलीपर्यंत नेली होती. एकदा ओढली की थांबा. दोनदा ओढली की चला. पाहुणा आला की एक घंटी. जेवायला बसायचं झालं की दोन. संध्याकाळी मी मेसवरून परतले, दाराला कडी लागली, की मामा दोन घंट्या द्यायचे. "माणसं बसली. चला." मग घर झोपायचं.

मामी कावायच्या. "घराची गाडी करून ठेवली या माणसानं. इतकी वर्षं झाली बसून, अजून एक गाव आलं न्हाई."

मामा तर घरात बसायचेच नाहीत. चहा उभ्यानं, जेवण शक्यतो उभ्यानं, दाराच्या चौकटीला पाठ लावून, दोन्ही पाय फाकून. जशी काही चौकट कधीही वळण घेईल. मी एकदा म्हटलं, मामा, टेका जरा. म्हणाले, बसायची जागा पॅसेंजरची.

त्यांचं एक वाक्य होतं, उतरणाऱ्याला आधी उतरू द्या. स्टँडवर ते गर्दीला सांगायचेच, पण घरीही तेच. नळावर माझं आणि मामीचं वाजलं, तर तेच. गल्लीतला एक म्हातारा गेला, दारात ही गर्दी जमली, तिरडी बाहेर निघेना. मामा पुढं झाले, पंच दोनदा वाजवला आणि म्हणाले, "उतरणाऱ्याला आधी वाट द्या." रडणाऱ्या बायासुद्धा बाजूला सरल्या.

आणि पंच. पंच म्हणजे त्यांचा जीव. तिळाचं तेल घालून ठेवायचे, झोपताना उशाशी. प्रत्येक कंडक्टरच्या पंचाचं भोक वेगळं असतं, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांचं भोक एका बाजूनं सपाट, अर्ध्या चंद्रासारखं. तिकिटांच्या ढिगात त्यांचं तिकीट ते बोटानं चाचपून काढायचे म्हणे. गाडीत मशीन आल्यावर पेटी गेली, तिकिटांचे गठ्ठे गेले, पंच जमा करायचा हुकूम निघाला. मामांनी काय केलं कोण जाणे, पंच घरी आला. मशीनमधून निघणारा कागद त्यांना पटायचाच नाही. भोक नाही ते कसलं तिकीट, म्हणायचे. सरकारनं माणसाला बघितलं याची काही खूण तर पाहिजे.

मेसमध्ये मला खोकला लागला. सकाळपासून तव्यापुढं, त्यात लातूरचा उन्हाळा. तेव्हाच स्टँडवर कार्डाचं टेबल आलं. म्हाताऱ्या माणसांना गाडीत सवलत मिळते, त्यासाठी आधार दाखवायचं बंद करून हे प्लास्टिकचं कार्ड द्यायचं ठरलं होतं. घासायचं नाही, कशात घालायचं नाही. कंडक्टरच्या मशीनजवळ नुसतं धरलं की बारीक आवाज होतो आणि तिकीट निघतं. कार्डं करून द्यायचं काम एका ठेकेदाराकडं होतं. त्याचा साहेब नांदेडहून आठवड्याला यायचा. टेबलावर बसायला दहावी पास माणूस हवा होता.

मामा मला घेऊन गेले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "पोरगी दहावी न्हाई." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मग म्हणाले, "पण म्हाताऱ्यावर वरडत न्हाई. तुमच्याकडं दहावी झालेले लई असतील, न वरडणारं एक दावा." साहेब हसला. ठेवून बघतो म्हणाला, पण तक्रार आली की बंद. त्या तक्रारीच्या भीतीनं मी सहा महिन्यांत शिकायचं ते आठ दिवसांत शिकले.

काम दिसायला सोपं होतं. आधार बघायचं, फोटो घ्यायचा, मशीनवर अंगठा घ्यायचा. पण ज्यांनी जन्मभर खुरपं धरलं त्यांचे अंगठे उठत नाहीत. रेषाच राहिलेल्या नसतात. मी म्हाताऱ्या बायांना सांगायची, आजी, अंगठा जरा डोक्याच्या तेलावर फिरवा. दोन-तीनदा फिरवला की कधी उठायचा, कधी नाही. कधी वीज जायची, कधी मशीनच मान टाकायचं. रांग तशीच उन्हात. दिवस संपताना माझी पाठ लाकडासारखी व्हायची, पण तव्यापेक्षा बरं होतं. मामा एकेकाला गाडीतून उतरवून, कोपराला धरून आणून उभं करायचे. "इस्लापूर, हे औसा घे. डोळ्यानं कमी दिसतंय." किंवा, "हे अहमदपूर लई बोलतंय, ऐकून घे थोडं."

स्वतःचं कार्ड मात्र त्यांनी काढलं नाही. मी मागं लागायची. त्यांचं म्हणणं एकच. "मशीनला शिवायचं न्हाई, फाडायचं न्हाई, भोक न्हाई. मग तिकीट झालं हे माणसाला कळावं कसं?" ते पैसे देऊन कागदी तिकीट काढायचे, आणि गाडीत बसल्यावर स्वतःच्याच तिकिटाला स्वतःच भोक पाडून घ्यायचे.

कार्डं आली, मी वाटली. लोकांनी कपाळाला लावून घेतली. आणि मग ती हरवायला लागली. लुगड्याला कुठला खिसा? कोपरीचा खिसा फाटका. एक आजी कार्ड हरवलं म्हणून फलाटावर बसून अशी रडली की जणू घरातलं माणूस गेलं. मामा तिच्याजवळ बराच वेळ उभे होते.

पुढं थोड्याच दिवसांत मला म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात काळा दोरा दिसायला लागला, आणि दोऱ्यात कार्ड. ताईत घालावा तसं. कडेला बारीक भोक, त्यातून ओवलेलं. मला बरंच वाटलं. आता हरवायचं नाही म्हटलं. कुणी सुचवलं असेल, हे मी विचारलं नाही. रांगेत विचारायला वेळ कुठं असतो.

मग तक्रारी आल्या. आधी एक, मग रोज. मशीनजवळ धरलं तरी वाजत नाही. कंडक्टर म्हणतो कार्ड बाद आहे, पुरं तिकीट काढा. "पोरी, तू दिलेलं कार्ड मेलं बघ," एक आजोबा म्हणाले. रागानं नाही, कीव करून म्हणाले. मी कार्ड पदरानं पुसलं, माझ्या मशीनवर धरलं. काही नाही. दुसरं धरलं. तेही मुकं. साहेबाला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी येतो, सगळी कार्डं जमा करून ठेव. आवाज थंड होता.

त्या दिवसांत मला घास गेला नाही. घरी मामांना सांगितलं. ते म्हणाले, यंत्राचं काय खरं, आज वाजतंय उद्या न्हाई. त्यांच्या मनात काही नव्हतं. असतं तर त्यांना लपवता आलं नसतं. वडिलांचा फोन यायचा, काम बरं आहे का म्हणून. मी बरं आहे म्हणायची आणि फोन ठेवून पिशवीकडं बघायची, कपडे किती आहेत, भरायला किती वेळ लागेल.

सोमवारी साहेब आला. मी कार्डं टेबलावर ओळीनं मांडली होती, दोऱ्यांसकट. त्यानं एक उचललं, उजेडाला धरलं. मग दुसरं. मग सगळी.

"भोकं कुणी पाडली?"

मी म्हटलं, लोकांनीच पाडली असतील, दोऱ्यासाठी. तेव्हा त्यानं सांगितलं. कार्डाच्या आत, कडेकडेनं, केसासारखी तार फिरवलेली असते. मशीन त्या तारेवरून कार्ड ओळखतं. तार तुटली की कार्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आणि लोकांनी पाडली म्हणतीस," साहेब म्हणाला, "लोकांनी सुईनं पाडली असती, खिळ्यानं पाडली असती. ही सगळी एका हत्यारानं पाडलीत. तुझ्या टेबलावरच पाडलीत."

मी खाली वाकून बघितलं. भोक एका बाजूनं सपाट होतं. अर्ध्या चंद्रासारखं.

बाहेर फलाटावर पंच वाजत होता, टक टक, टक टक. एक शब्द बोलले असते तर मी सुटले असते. साहेब विचारत राहिला आणि मी टेबलाकडं बघत राहिले. ज्या माणसानं मला या खुर्चीत बसवलं, त्याच्याकडं बोट दाखवून त्याच खुर्चीत कशी बसणार होते मी? मनात वडील दिसत होते, हातात माझी पिशवी घेऊन पुढं चालणारे. साहेब म्हणाला, उद्यापासून येऊ नको. आणि मशीनची वायर गुंडाळायला लागला.

तेवढ्यात मामा आले. कुणातरी म्हातारीला कोपराला धरून. "इस्लापूर, हे चाकूर घे," म्हणता म्हणता थांबले. माझं तोंड बघितलं असेल. काय झालं म्हणून साहेबाला विचारलं. साहेबानं त्रासून सगळं परत सांगितलं, तारेसकट. मामांनी चष्मा लावला, एक कार्ड घेतलं, नखानं भोक चाचपलं. फार वेळ चाचपलं. मग हातातला पंच पुढं केला आणि त्याचं टोक भोकात बसवून दाखवलं. जसंच्या तसं बसलं.

"भोक माझं हाय, साहेब. पोरीला ठावं बी न्हाई."

साहेब म्हणाला, "रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला? अजून तिकिटं फाडून राहिलात?"

"व्हय," मामा म्हणाले. "लोकांची कार्डं हरवत हुती. मला वाटलं, दोरा असला म्हंजी गळ्यात राहील. चुकलं."

मग ते रांगेकडं वळले. कंडक्टरचा आवाज गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्याच आवाजात, जसं गाव आल्याचं सांगावं तसं, ते म्हणाले की ज्यांच्या ज्यांच्या कार्डाला मी भोक पाडलं, त्यांचं कार्ड माझ्यामुळं मेलं. मी तुमचा गुन्हेगार आहे. आणि हात जोडले. पंच त्या जोडलेल्या हातांतच राहिला होता.

चाकूरची म्हातारी म्हणाली, "जाऊ दे रे बाबा. कार्डच मेलं ना, आपुन तर न्हाई मेलो." दोघं-चौघं हसले. मामा हसले नाहीत.

साहेबानं वायर खाली ठेवली. ही कार्डं परत कोण करून देणार, माणसं कुठं शोधणार, नावं तरी माहीत आहेत का, असं तो विचारत होता. मामा म्हणाले, नावं न्हाईत ठावं, पण कोण कुठं उतरतंय ते ठावं आहे.

आणि त्यांनी आणली. रोज सकाळी एक गाडी धरायचे, कागदी तिकीट काढून. त्या तिकिटाला आता भोक पाडत नव्हते. फाट्यावर उतरायचे, गळ्यात काळा दोरा असलेली माणसं शोधायचे, आणि दुपारच्या गाडीनं त्यांना कोपराला धरून माझ्यापुढं आणून उभं करायचे. नव्या कार्डांचा खर्च त्यांनी भरला. किती ते मामीलाही सांगितलं नाही. त्या उन्हात ते अर्धे झाले. मी म्हणायची, मामा, आज राहू द्या. ते म्हणायचे, चढवलेलं माणूस मधी सोडायचं नसतं.

माझं काम टिकलं. पुढं साहेबानंच मला नांदेडच्या टेबलावर घेतलं.

शेवटचं कार्ड झालं त्या संध्याकाळी मामांनी पंच माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "तुझ्याकडं राहू दे. माझ्या हाताला सवय वाईट हाय." मी नको म्हटलं. ते ऐकायला थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टँडवर ते आले, उभे राहिले, अहमदपूर पुढं, निलंगा मागं. पण हात नुसताच उघडमीट होत होता. रसवंतीवाल्यानं मला विचारलं, आज काहीतरी कमी आहे ना इथं? मी म्हटलं, मला काही वाटत नाही.

नांदेडला निघाले त्या दिवशी मामीनं दशम्या बांधून दिल्या. मामा गाडीपाशी आले. मी खिडकीत बसले होते. त्यांनी दारातून हात आत घातला, घंटीची दोरी दोनदा ओढली. कंडक्टर पोरगं चिडलं, आजोबा हे काय म्हणून. मामा त्याला म्हणाले, माणूस बसलंय, चला. आणि मागं वळून न बघता गेले. ते तसेच. त्यांना उतरलेल्या माणसाकडं आणि गेलेल्या गाडीकडं बघत राहायची सवय नाही.

आता फोनवर मामी सांगतात की मामा स्टँडवर फारसे जात नाहीत, गुडघे धरलेत. चौकटीला टेकून उभे राहतात. घंटी मात्र वाजवतात. संध्याकाळी कडी लावली की दोन. मामी म्हणतात, पत्र्याची खोली रिकामी आहे, तरी म्हणतो माणसं बसली.

पंच माझ्या टेबलाच्या खणात आहे. रांग लांबली, मशीन बंद पडलं, जीव नकोसा झाला की मी खण उघडून त्याला हात लावते. कार्डाजवळ नेत नाही. महिन्यातून एकदा त्याला तिळाचं तेल घालते.

मामांना पंचाहत्तरी लागली आहे. कार्ड अजून काढलेलं नाही. मी ते माझ्या टेबलावर, माझ्या हातानं काढणार आहे. पंच दाबून दाबून त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या रेषा गेल्यात, तो उठणार नाही, हे मला आत्ताच दिसतं आहे. उठेपर्यंत मी घेत बसेन, मागं रांग कितीही ओरडली तरी. मग पावसाळ्यात, पाणी भरात असताना, मी त्यांना आणि मामीला माझ्या लायनीवर नेणार आहे. त्यांना खिडकीत बसवणार, उभं राहू देणार नाही. त्यांचं ऋण असं फिटणारं नाही, पण माझ्याकडं द्यायला तेवढंच गाव आहे. भोकर जाईल, हिमायतनगर जाईल. धबधब्याचा फाटा आला की मी स्वतः उठून एकदा दोरी ओढीन, आणि दारातल्या लोकांना सांगीन, थोडं सरका, उतरणाऱ्याला आधी उतरू द्या.